स्क्रीनवरचा रोहित गुलाबी, कार्डावरचा विटका: फाइलमध्ये काय बदलू?

कोपरीची_पेन्सिल

ठाणे-नवी मुंबईतल्या आठ प्राण्यापक्ष्यांची पोस्टकार्डं काढतेय: रोहित (फ्लेमिंगो), येऊरच्या जंगलातला बिबट्या, खाडीकडचा कोल्हा, तांबट, खंड्या, मुंगूस, पोपट आणि सोसायटीतली मांजर. आयपॅड, प्रोक्रिएट (चित्रं काढायचं ॲप), ए४ कॅनव्हास, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके). छापायचं ए६ आकारात. एकेक नमुना छापून घेतला तर तीन घोळ निघाले. रोहितचा गुलाबी स्क्रीनवर झळझळीत, कागदावर विटका आणि थोडा मातकट. मांजरीच्या मिशा आणि कानातले केस जवळपास गायब. आणि दोन कार्डांच्या एका कडेला पांढरी रेघ. दुकानदार म्हणतो, फाइलच तशी आहे.

शिवाय, संदर्भाला नेटवरचे फोटो कितपत चालतात? इन्स्टाग्रामवर चित्र धूसर होतं आणि चोरीचीही भीती आहे, तर किती मोठं टाकायचं? लोक आता पाळीव प्राण्यांची चित्रंही मागायला लागलेत, त्याचं कसं ठरवायचं? मोघम नको, आकडे द्या प्लीज.

तेरा_एकोणीस

दुकानदार खरं बोलतोय, पण अर्धंच.

आधी आयपॅड बघा. ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट दोन्ही बंद करा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा. ट्रू टोन खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा पिवळट-निळसर करत राहतं, त्यामुळे रात्री दिव्याखाली निवडलेला गुलाबी आणि सकाळी खिडकीशी निवडलेला गुलाबी एक राहत नाही. मग कॅनव्हासच्या माहितीत रंगाचं प्रोफाइल (कोणता आकडा म्हणजे नेमका कोणता रंग, ही नोंद) बघा. डिस्प्ले पी३ असेल तर निम्मा घोटाळा तिथेच आहे. पी३मध्ये एसआरजीबीपेक्षा (नेटवरच्या नेहमीच्या प्रोफाइलपेक्षा) भडक रंग मावतात. दुकानातल्या सॉफ्टवेअरने ते प्रोफाइल वाचलं नाही, की आकडे तेच राहतात आणि रंग फिके पडतात. नवीन चित्र एसआरजीबीतच सुरू करा. जुन्या चित्राचं प्रोफाइल पी३वरून एसआरजीबीवर नेता येतं. आरजीबीचं (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक) मात्र प्रोक्रिएटमध्ये नंतर होत नाही, ते कॅनव्हास उघडतानाच ठरतं.

पण सीएमवायकेत चित्र काढू नका. तेच चित्र नेटवरही टाकायचं आहे, आणि तिथे ते विनाकारण मरगळलेलं दिसेल. आरजीबीत काढा, पीएसडी (लेयरसकट फाइल) करून संगणकावर कृता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा (फुकट आहे). कंट्रोल-वाय दाबलं की छपाईत साधारण कसं दिसेल ते दिसतं. कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबलं की शाईला न जमणाऱ्या रंगांवर ठळक डाग पडतात. दुकानाकडे स्वतःचं प्रोफाइल असेल तर मागून घ्या, नसेल तर गुळगुळीत कागदासाठी फोग्रा ३९ हे छपाईचं प्रमाण प्रोफाइल धरून चाला.

आता गुलाबी. तो मातकट होतो सायनमुळे. गुलाबीत पाच-दहा टक्के सायन शिरला तरी रंग करडा पडायला लागतो. छपाईच्या सीएमवायके प्रतीत, उजळ भागात सायन ०, मॅजेंटा ४५ ते ५५, यलो १५ ते २०, ब्लॅक ० असा हिशोब ठेवा. सावलीसाठी काळा किंवा निळा मिसळू नका. मॅजेंटा ७५, यलो ४५ असं लालाकडे उतरा. मल्टिप्लायच्या (खालचा रंग गडद करणाऱ्या) लेयरवर राखाडी-निळी सावली टाकायची सवय बहुतेकांना असते, आणि गुलाबी पक्षी मरतो तो तिथेच. सावलीच्या लेयरचा रंगच गडद डाळिंबी करून बघा.

पांढरी रेघ ब्लीड (कापण्याच्या रेषेबाहेर जाणारं जादा चित्र) नसल्यामुळे आली आहे. ए४ म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. त्याची लांबी-रुंदी निम्मी केली की बरोब्बर ए६, १०५ × १४८ मिमी, बाहेर सांडायला काहीच उरत नाही. कटिंग मशीन अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. चारी बाजूंना ३ मिमी जास्त द्या: १११ × १५४ मिमी, म्हणजे ३०० डीपीआयला १३११ × १८१९ पिक्सेल. दुपटीत काढायचं असेल तर कॅनव्हास २६२२ × ३६३८. डोळा, चोच, सही, अक्षरं कापण्याच्या रेषेपासून निदान ४ मिमी आत हवीत.

मिशांचं गणितही याच दुपटीत आहे. ३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिमी. ए४वर ३ पिक्सेलचा केस ए६वर दीड पिक्सेल, म्हणजे ०.१३ मिमी होतो. छपाई ठिपक्यांच्या जाळीतून होते, त्यामुळे एवढी बारीक फिकट रेघ जाळीत तुटते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी मिशी हवी असेल तर दुपटीच्या कॅनव्हासवर बुडाशी ८ पिक्सेल, टोकाकडे ५. फिकटावर गडद केस ४-५ पिक्सेलचेही निभतात. आणि काम करताना मध्येमध्ये चित्र कार्डाएवढं दिसेल इतकं लहान करून बघत जा. बोटांनी मोठं करून केस न् केस रंगवण्यात तासन्‌तास जातात आणि छापल्यावर ते कुणालाच दिसत नाहीत.

खाडीकाठ

शाईचा भाग वर आलाच. पण मला वाटतं तुमचा रोहितच वाजवीपेक्षा जास्त गुलाबी आहे.

आपल्याकडे दोन जाती येतात. थोरला रोहित उंच, सव्वा मीटरच्या आसपास. अंग जवळपास पांढरं, त्यावर गुलाबीची नुसती झाक. खरा तांबूस-गुलाबी पंखाच्या वरच्या पिसांत असतो, तो पंख उघडल्यावर भडकतो, आणि त्याला लागून उड्डाणपिसांचा काळा पट्टा. चोच गुलाबी, टोक काळं, डोळा फिकट पिवळा. धाकटा रोहित ८०-९० सेंमी, अंग जास्त गुलाबी, चोच गडद किरमिजी (लांबून काळीच दिसते), डोळा लालसर. ठाण्याच्या खाडीत संख्येनं जास्त असतो तो धाकटा. दोन्ही जाती एका कार्डावर घेतल्या तर उंचीतला फरक दिसू द्या. आणि थोरल्याच्या अंगावर धाकट्याची चोच लावू नका, हा गोंधळ फार चित्रांत दिसतो.

म्हणजे तीव्र गुलाबी लागतो तो पक्ष्याच्या थोड्याच भागात. बाकी अंग कागदाच्या पांढऱ्याच्या जवळ ठेवा, त्यावर मॅजेंटा ८-१२ एवढाच. मग पंखातला तोच गुलाबी कागदावरही झगमगतो, कारण शेजारी फिकट आहे. पार्श्वभूमीला निळंशार आकाश नको. ओहोटीचा खाडीचा चिखल हिरवट-करडा असतो आणि हाच रंग गुलाबीला उठाव देतो. थव्यात एक-दोन कमी वयाचे राखाडी-तपकिरी पक्षी घाला. रोहितचा गुलाबी खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमधून येतो, तो चढायला वेळ लागतो. त्यामुळे थव्यात असे पक्षी असतातच, आणि राखाडीशेजारी गुलाबी अजून खुलतो. शाईच्या मर्यादेवर पक्ष्याकडेच उत्तर आहे म्हणा ना.

पायाच्या मध्यावर उलटा मुडपलेला दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला. पाय मांडीपासून सरळ काठीसारखा काढला की पक्षी खुंटीवर अडकवल्यासारखा दिसतो. खाताना डोकं उलटं होतं, चोचीचा वरचा भाग खाली जातो आणि बाक तळाला टेकतो. बदकासारखी सरळ बुडवलेली चोच काढू नका. मानेचा एस काढताना एकसारखी नळी नको, काही ठिकाणी ती चक्क कोनात मोडते.

स्वतः बघून रेखाटायचं तर साधारण नोव्हेंबर ते मे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून निघा. ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पसरतात आणि किनाऱ्यावरून ठिपके दिसतात. भरतीला चिखल बुडाला की ते आत सरकतात, नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागी मग बऱ्यापैकी जवळून दिसतात. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट जाते ती भरती धरूनच. तिथे फोटोंपेक्षा वीस-वीस सेकंदांची रेखाटनं करा, नुसती मान आणि पाय. ड्रोन अजिबात नको, थवा उठतो.

कार्डाच्या मागे माहिती छापणार असाल तर: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालचं, रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) २०२२ मध्ये. नाव ‘रोहित’ आणि ‘फ्लेमिंगो’ दोन्ही द्या, निम्मे लोक पहिलं ओळखत नाहीत.

येऊर_पायवाट

बिबट्या आणि कोल्ह्याबद्दल, कारण पुढचे घोळ तिथे होणार.

बिबट्याचे ठिपके स्टॅम्प ब्रशनं मारू नका. पाठीवर आणि कुशीवर तुटक कड्यांची फुलं असतात, आतला भाग बाहेरच्या कातडीपेक्षा किंचित गडद, आणि मधे ठिपका नसतो. मधे ठिपके आले की तो जग्वार, आणि जग्वार येऊरला नाही! डोकं, मान, पाय, पोट इथे भरीव ठिपके. कणा, खांदा, मांडी यांवर चामडं वळतं तिथे फुलंही दबून लंबगोल होतात. एका वेगळ्या लेयरवर आधी अंगाचा आकार दाखवणाऱ्या आडव्या वळ्या काढा, पिंपाच्या कड्यांसारख्या, आणि फुलं त्या वळ्यांवर बसवा. नाहीतर अंगावर छापील चादर पांघरल्यासारखं दिसतं. बाहुली गोल काढा. उभी चीर तुमच्या मांजरीला, बिबट्याला नाही.

केसांचा क्रम: सपाट आकार, मग तीनच छटा (उजेड, मधला, सावली), मग वेगळ्या लेयरवर केसांच्या दिशेचे बाण. नाकापासून मागे, गालावरून खाली, छातीवर भोवरा. बाण बरोबर वाटेपर्यंत केसांना हात लावू नका. मग दुपटीच्या कॅनव्हासवर ६० पिक्सेलच्या ब्रशनं मोठे झुबके, २०नं लहान, आणि सुटे केस फक्त कडांना आणि जिथे उजेड-सावली भेटते तिथे. अंगभर सुटे केस काढले की प्राणी गवताळ होतो.

कोल्ह्याचा संदर्भ शोधताना एक खड्डा आहे. इंग्रजीत ‘फॉक्स’ टाकलंत की परदेशी तांबडा, शेपटीचं टोक पांढरं असलेला प्राणी येतो. आपला कोल्हा म्हणजे गोल्डन जॅकल. फॉक्स म्हणजे आपल्याकडचं खोकड. कोल्ह्याचं अंग पिवळट-करडं, पाठीवर काळपट केस मिसळलेले, पाय लांब आणि सडपातळ, शेपूट खाली लोंबणारी आणि टोक काळं. शेपूट वर वळवली की तो गल्लीतला कुत्रा होतो. आणि पोपटाच्या पायाला दोन बोटं पुढे, दोन मागे. तांबटालाही तसंच. खंड्याला मात्र तीन पुढे, एक मागे. फांदी धरलेला पाय काढण्याआधी हे बघून घ्या.

करारनामा

संदर्भाचे फोटो. गूगलवर सापडला म्हणून फोटो मोकळा होत नाही, तो काढणाऱ्याचाच असतो. एकाच फोटोची उभी राहण्याची ढब, उजेड, चौकट सगळं उतरवून कार्ड विकलंत तर ती त्या फोटोवरून केलेली कृती ठरू शकते. चार-सहा फोटोंमधून शरीररचना शिकून स्वतःची ढब मांडणं वेगळं. फोटोच हवा असेल तर परवाना वाचा. विकिमीडिया कॉमन्सवरचे फोटो व्यवसायालाही चालणाऱ्या परवान्यांवर असतात, पण बहुतेकदा नाव देणं आणि कधीकधी तुमचं चित्रही त्याच परवान्यावर देणं (शेअर अलाइक) बंधनकारक असतं. आयनॅचरलिस्टवर बरेच फोटो ‘एनसी’ असतात, म्हणजे विक्रीला नाही. ‘एनडी’ असेल तर बदल करून काही बनवायचंच नाही. सरळ फोटोग्राफरला लिहून विचारा, बरेच जण एका कार्डाच्या बदल्यात हो म्हणतात. परवानगी मात्र लेखी ठेवा, मेसेज असला तरी चालेल.

पाळीव प्राण्यांच्या चित्रांसाठी एक कलम लक्षात ठेवा. प्रताधिकार कायदा १९५७, कलम १७. एरवी चित्र काढणारा पहिला मालक. पण मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून चित्र किंवा पोर्ट्रेट काढलं आणि वेगळा करार केला नाही, तर पहिला मालक सांगणारा. म्हणजे मोत्याचं चित्र तुम्ही काढलंत, पण स्टिकर म्हणून विकायला तुम्हालाच परवानगी लागेल. म्हणून आगाऊ रक्कम घेतानाच दोन ओळी मान्य करून घ्या: ‘प्रताधिकार चित्रकाराकडे. ग्राहकाला घरगुती वापर, छापून लावणं आणि नावासह शेअर करणं यांची परवानगी.’ दोघांच्या सह्या असल्या तर उत्तम. उलट, एखादी कंपनी हक्कच विकत मागत असेल तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरतात. तेव्हा या दोन रकान्यांना मोकळं सोडू नका.

व्यवहार असा ठेवा: निम्मे पैसे आधी, कच्च्या रेखाटनावर होकार, मग सपाट रंगांवर होकार, नंतर दोन किरकोळ बदल. ढब बदलायची असेल तर ती रेखाटनाच्या टप्प्यावरच, पुढे वेगळे पैसे. फोटो मागताना स्पष्ट लिहा: प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद, दोन मीटर लांबून झूम करून. जवळून वरून काढलेल्या फोटोत नाक भोपळ्याएवढं येतं. चित्रही तसंच निघालं की मालक म्हणतो ‘आमचा असा दिसत नाही’, आणि तो बरोबर असतो. काळ्या कुत्र्याचे फोटो ढगाळ दिवशी मागा, उन्हात नुसता काळा डाग येतो.

खाडीकाठ

इन्स्टाग्रामचं राहिलं. १०८० × १३५० पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग. स्वतः लहान करून, हलकं शार्पन करून टाका. पूर्ण फाइल टाकलीत की लहान करण्याचं काम ॲप करतं, आणि धूसरपणा तिथून येतो. एवढ्या पिक्सेलमधून ए६ बऱ्यापैकी छापता येईल, पण ए३ नाही, त्यामुळे चोरीची भीती आकारानंच थोडी कमी होते. सही कोपऱ्यात नको, कापून टाकतात. पिसांच्या किंवा केसांच्या दिशेनं, अंगाच्या कडेला बारीक बसवा. मोठा आडवा वॉटरमार्क मात्र मला पटत नाही, चित्र बघायला आलेला माणूस आधी तोच वाचतो.

प्रोक्रिएटचा टाइमलॅप्स आणि लेयरसकट फाइल जपून ठेवा, चित्र तुमचं असल्याचा तोच पुरावा. व्हॉट्सअॅपवर ग्राहकाला पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबून टाकतं.

येऊर_पायवाट

वॉटरमार्कबद्दल सहमत. एआयला शिकवायला चित्रं उचलली जातात त्यासाठी काही जण शिकागो विद्यापीठातल्या गटाचं ग्लेझ (चित्रात बारीक बदल मिसळून एआयला चकवणारं सॉफ्टवेअर) वापरतात (२०२३ पासून आहे). केसाळ प्राण्यावर ते खपून जातं, पण रोहितमागच्या सपाट करड्या चिखलावर लहरी दिसतात. वापरायचंच तर नेटवरच्या लहान प्रतीवर, छपाईच्या फाइलवर कधीच नाही.

कोपरीची_पेन्सिल

प्रोफाइल पी३च निघालं! आणि सावलीचा लेयर राखाडी-निळाच होता 🙂 रोहित पुन्हा मांडतेय, धाकटा, सोबत एक राखाडी पिल्लू. शेवटचं विचारते: कागद कोणता सांगू, आणि वर मॅट लॅमिनेशन करू का?

तेरा_एकोणीस

लॅमिनेशन नको. एका बाजूला फिल्म बसली की पावसाळ्यात मागची उघडी बाजू दमट हवा पिऊन फुगते, पुढची फुगत नाही, आणि कार्ड पापडासारखं वाकतं. दोन्ही बाजूंना केलंत तर मागे पेन उठत नाही, मग पोस्टकार्ड कसलं! वर मॅट फिल्म गडद रंग थोडे धुरकट करते, बिबट्याचे ठिपके मऊ पडतील.

कागद ३०० जीएसएम, पुढून गुळगुळीत, मागून साधा. दुकानात ‘एका बाजूनं कोटेड’ असं सांगा. शीट तेरा-एकोणीस इंची मागा, म्हणजे ३३० × ४८३ मिमी. ब्लीडसकट कार्ड १११ × १५४, ते दोन आडवे आणि चार उभे असे ३०८ × ४४४ मध्ये बसतात. आठ कार्डं, म्हणजे एका शीटमध्ये तुमचा अख्खा संच. बारा-अठराच्या शीटची रुंदी ३०५ मिमीच असते, तिथे ३०८ बसत नाही, आणि मग दुकानदार न विचारता चित्र दोन टक्के लहान करतो किंवा ब्लीड खातो. तुमची पांढरी रेघ तशीही आली असेल. पीडीएफ देताना छापताना ‘फिट टू पेज’ बंद, आकार १०० टक्के, हे तोंडी सांगा आणि फाइलच्या नावातही लिहा.

शंभर संच छापण्याआधी एकच शीट काढा. त्यात एका कार्डाच्या जागी गुलाबीचे १२ चौकोन भरा: मॅजेंटा ४०, ५०, ६०, ७० आणि प्रत्येकासोबत यलो ५, १५, २५. आकडे चौकोनातच लिहा. शीट घरी आणून दिवसा खिडकीशी बघा, दुकानातल्या दिव्याखाली नाही. आवडलेल्या चौकोनाचा आकडा रोहितच्या पंखात घाला आणि शंभर संच त्याच मशीनवर, त्याच आठवड्यात काढून घ्या. टोनर बदलला की गुलाबी सरकतो.